कपायावरचा घाम

नाई घेतलं मी त्याले मांडीवर, माय. हात संत्र्याच्या सालीनं आंबट झाले होते, म्हनून नाई घेतलं. कोनी विचारलं नाई, तुले तर जाऊन तीस वर्सं झाली, पन मीच सांगून टाकते. तुले वाचता येत नव्हतं, माही शाळा चौथीत सुटली, म्हनून हा कागद कुठं धाडाचा सवालच नाई.

सुनेचं लेकरू म्हनते मी. अमरावतीच्या दवाखान्यातून कालच मोर्शीले आनलं. छातीवर बोटभर टाके हायेत. हृदयातून निघनाऱ्या दोन मोठ्या नळ्याईची आईच्या पोटातच अदलाबदल झाली होती, चांगलं रक्त अंगात जातच नव्हतं. डॉक्टरनं चित्र काढून दाखवलं. लिंबाएवढं हृदय, त्याच्या नळ्या कापल्या अन् जिच्या तिच्या जागी शिवल्या. लेकरू तवा दहा दिवसाचं. मी म्हनलं, बागेतल्या पाइपाचा जोड चुकला तर आमी बी तेच करतो, त्यात एवढा गाजावाजा कायचा? डॉक्टर हासला. सून रडून राहिली होती, "माह्या खान्यापिन्यात काई चुकलं काय?" तो म्हने, "ताई, तुमची काहीच चूक नाही. पोटातच असं होतं कोणाकोणाचं." दोनदा म्हनला. मी दाराशी डबा घेऊन उभी. तिचं लेकरू वाचलं, त्यानं तर जीव जळलाच, खोटं कायले बोलू, पन त्या वाक्यानं जास्त जळला.

तुले आठोते ना? तेल्हाऱ्याले तुयाच घरी माह्यं पयलं पोरगं झालं. दूध पेता पेता कपाय घामानं भिजे, मधातच सोडून देये, धापा टाके. तू चुलीपासून म्हने, "कष्टाळू हाय वं! पेतानी घाम फुटते ते लेकरू कमावतं निंगते." मी गल्लीतल्या बायाईले बलावून बलावून तो घाम दाखवला. नखं निळी पडली तर तू थंडी म्हनली, शेक देल्ला. अठराव्या दिवशी गेलं. अन् तू चुलीत काडी सारता सारता, माह्याकडं न पाहता म्हनली, "कोनं सांगतलं होतं मिरवाले? नजर लागली." मंग जलमभर मले भाकर वाढली, दिवाळीले लुगडं घेतलं, पन ते वाक्य काई वापस नाई घेतलं.

आज सून म्हने, "आई, घ्या ना. नाक तुमच्यासारखंच हाय." मी म्हनलं, "ठेव पाळन्यात, हाताची सवय लावू नको."

आता एकच राहिलं. जलमल्याच्या दुसऱ्या दिवशी, इथल्याच दवाखान्यात, ते दूध पेऊन राहिलं होतं अन् कपायावर घाम आला. सून म्हने, "आई, हे असं होते काय?" मी वाकून पाह्यलं. दुसऱ्या कोनाले नसन समजलं, मले समजलं. अन् मी म्हनलं, "कष्टाळू हाय वं!"

दुपारी नर्स आली, तिनं पायाले मशीनचा चिमटा लावला, रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा पाह्यला अन् डॉक्टरकडं पयतच गेली. तिच्यामुळं वाचलं. सून अजून साऱ्याईले सांगते, आईले बिचाऱ्या काय माहीत.

तसं कावून म्हनलं, ते नको विचारू. नाई सांगत.