अण्णांचे अरामी व्याकरण

गिरगाव, ४ फेब्रुवारी १९५६

चि. श्यामकांत यास ताईचे अ. उ. आ.

तुरुंगातल्या चहाला नावे ठेवतोस, म्हणजे प्रकृती ठणठणीत असणार. इथले मात्र कळवायचा धीर होत नव्हता. तुला मोर्चात पकडल्यावर आठवड्याने अण्णांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, वाचाही गेली. जिवाची भीती नाही, असे डॉक्टर म्हणतात.

त्यांच्या अरामी भाषेच्या व्याकरणाचे शेवटचे प्रकरण अपुरे आहे. अण्णांचे डोळे सारखे त्याच कागदांवर, म्हणून त्यांच्या टिपणांवरून मीच लिहायला बसले. पण 'कोल' शब्दापाशी घोडे अडले. 'कोल मलकू' म्हणजे प्रत्येक राज्य. नामाला मधे 'त' घेऊन निश्चितीचा 'आ' लागून 'कोल मलकूता' झाले, की ते अख्खे राज्य. इथवर समजले. पुढच्या उदाहरणात 'आ' आहे, तरी अर्थ 'प्रत्येक'च! ते वाचले की अण्णा डाव्या हाताने कागद भिरकावतात. काल रडलेसुद्धा. नियमच चुकला का रे?

कॉलेजातली नोकरी सोडून चळवळीत गेलास, तेव्हा या घरात पाऊल टाकू नकोस म्हणाले होते. तरी तुलाच विचारते. त्यांच्यापाशी शिकलेला दुसरा आहे कोण?

जिवाला जप.
तुझी मीनाक्षीताई

ठाणे तुरुंग, ११ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचले. सगळे तुझ्या एकटीवर पडले.

नियम बरोबर आहे. ते उदाहरण पुष्कळ नंतरच्या, पूर्वेकडच्या अरामीतले असणार. तिथे 'आ' सरसकट सगळ्याच नामांना लागू लागला, म्हणून त्यातली निश्चिती गेली. चाळीत ज्याला त्याला 'राव' म्हटले की रावपण उरत नाही, तसे. उदाहरण ठेव, पण 'पुढच्या काळात' म्हणून वेगळ्या परिच्छेदात. अण्णा तुझ्यावर चिडत नाहीत गं, चुकलेली जागा दाखवताहेत. याच मुद्द्यावर माझ्याशी कडाकडा भांडले होते, आणि बरोबर तेच होते.

उत्तर माझे म्हणून सांगू नकोस. ऐकायचे नाहीत.

माया आहे तशीच राहू दे.
श्याम

गिरगाव, १९ फेब्रुवारी

चि. श्यामकांत यास अ. उ. आ.

तुझे ऐकले नाही. परिच्छेद आधी वाचून दाखवला. अण्णांनी मान हलवली, कितीतरी दिवसांनी चेहरा सैल झाला. मग सांगितले, की हे श्यामने कळवले आहे. चिडतील म्हणून मी उठू लागले, तर मनगट धरून मला बसवले आणि पेन्सिलीसाठी हात पुढे केला.

खालचे अक्षर त्यांचेच, डाव्या हाताचे. सबंध सकाळ गेली. मी हात धरला नाही.

तुझी ताई

श्याम, घरी ये.