घर्षणाचं उदाहरण

यानिरा,

बुटातली ही चिठ्ठी वाचून लगेच चुलीत टाक. बाबांना सांगितलंय की मी पाव आणायला जातेय. खरं तर पुनोच्या बसची तिकिटं काढायला चाललेय. क्विनोआची लापशी झाकून ठेवलीय, ती पी.

तुझी विज्ञानाची वही पाहिली. ढकलणं, ओढणं, चुंबक, सगळं ठीक. पण घर्षणाखाली तू लिहिलंयस, 'आईने मागच्या दाराच्या कडीला मेण घासलं, आता कडी मुळीच करकरत नाही.' अगं शहाणे! उदाहरण बरोबर आहे, म्हणूनच तर खोड ते. बाबा नाश्त्याला बसले की वहीवर सही करतील. त्याआधी तिथे गोन्सालोमामाच्या सायकलचा ब्रेक लिही. पेन्सिलीचा ठसा राहिला तर पानच फाड. बाई शून्य देतील, देऊ देत. ही वही आपल्याला आजच्यापुरतीच लागणार आहे.

आई