दोन बोटं मोठ्या

नळदुर्ग,
श्रावण वद्य सप्तमी, शके १८७०

चि. सौ. रुद्रव्वा हिला अप्पाचे अनेक आशीर्वाद.

इकडं ठीक आहे. तुला सातवा लागला ना? ताक पीत जा, आणि सासूबाईंनी दिलेलं न कुरकुरता खात जा. कोंडाबाईनं बाळाला कुंची शिवली आहे. कुंचीच्या अस्तरात हे पत्र घालून पाठवतोय, कारण टपाल हल्ली नाक्यावर फोडतात.

बोरी नदी भरून आली आहे. धरणाच्या भिंतीवरून नर आणि मादी दोन्ही धबधबे एकदम कोसळतायत. भिंतीच्या पोटातल्या पाणीमहालात उभं राहिलं की खिडकीपुढं नुसता पांढरा पडदा. एरवी या दिवसांत सोलापूरचे वकील, हैदराबादचे मोटारवाले बायकापोरांसह यायचे आणि मी पुढं होऊन दाखवायचो. यंदा पाणी आहे, बघणारं कुणी न्हाय. आता येतात ते खाकीतले रझाकार.

रुद्रव्वा, तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. जावईबापू बार्शीला न्हाईत. नऊ दिवस झाले, ते इथं पाणीमहालाच्या आतल्या खोलीत आहेत. चळवळीची कागदपत्रं घेऊन आले आणि नाक्यावरचा पहारा वाढल्यावर अडकले. भाकरी मी पोचवतो. तुला कळवू नका म्हणाले, म्हणून गप्प बसलो.

काल दुपारी खाकीतले दोघं आले. धबधबा बघायचा म्हणाले. नाही म्हणावं तर संशय, म्हणून पुढं झालो. माझी सवय तुला ठाऊक आहे. शेवाळावर पाय सरकतो म्हणून पायऱ्यांच्या तोंडाशीच पायताण काढायला लावतो, आणि वर आल्यावर जोड मोजतो, कुणी खाली राहू नये म्हणून. तूही लहानपणी मोजायचीस.

मोजायला वाकलो तर कोपऱ्यात जावईबापूंचा जोड. तू लग्नात दिलेला, सोलापूरचा. नऊ दिवसांत मीच त्यांना दहादा सांगितलं होतं, अनवाणी उतरा. त्यांनी ऐकलं. सासऱ्याचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला न्हाय.

"अप्पा, ये किसका?" एकानं विचारलं.

"माझाच."

"और वो फटा हुआ?"

"तोही. शेवाळाला जुना, गावात मिरवायला नवा."

तो हसला. "मिरवून दाखव की मग."

मी त्या चपला घातल्या. दोन बोटं मोठ्या. फटक फटक करत त्यांच्यापुढं किल्ल्याच्या दरवाजापर्यंत चाललो. दुसरा मागून म्हणाला, "बुड्ढे का पाँव सूख गया क्या?" दोघं लई हसले. जाताना पहिला म्हणाला, "उद्या साहेबाला आणतो. आतली खोलीसुद्धा दाखव, अप्पा." आतल्या खोलीचं मी त्यांना काही बोललो नव्हतो.

आज पहाटे धुळाप्पा धनगर मेंढरं घेऊन सोलापूरच्या अंगाला निघाला. त्याचं घोंगडं पांघरून जावईबापू कळपात गेले. अनवाणीच. माझ्या फाटक्या त्यांच्या टाचेला पुरत न्हाईत, आणि त्यांच्या आता माझ्या झाल्यात. काटेरी रानातून येतील. कोंडाबाई सडकेनं येते, म्हणून पत्र आधी पोचेल. पाणी गरम ठेव. पायाचे काटे दिव्याजवळ बसून काढ, आणि चपलांचं विचारू नकोस.

मला तिकडं बोलावण्याचा हट्ट करू नको. मी गेलो तर आज साहेब आल्यावर ते पहिलं धुळाप्पाच्या मागं लागतील. मेंढरं किती चालणार? मी इथं असलो की पाणी दाखवतो, जुन्या गोष्टी सांगतो, पायऱ्या सावकाश उतरवतो. अर्धा दिवस सहज जातो. तेवढ्यात कळप नाक्यापार होईल. आतली खोली झाडली आहे. पण भिंतीला दिव्याची काजळी धरलीय, ती घासून निघाली न्हाय.

चपलांच्या टोकात चिंधी कोंबली आहे. आता वाजत न्हाईत.

पोरगं झालं की त्याला इथं आण. दोन्ही धबधबे पडत असताना आण. पायऱ्यांच्या तोंडाशी चपला काढायला लाव, आणि वर आल्यावर जोड मोज.

दरवाजाशी मोटार थांबल्याचा आवाज आला. कोंडाबाई मागच्या दारी उभी आहे, तिच्या हाती देतो.

पायऱ्या उतरायला निघालेला,
तुझा अप्पा