एव्हरिलच्या गाडीवरचे ओरखडे

शनिवार, ९ नोव्हेंबर २०१९, टॉडमॉर्डन. सकाळी पाऊस, दुपारी उघडीप. इस्पितळाचा फोन आला: हृदयाची शस्त्रक्रिया गुरुवारी. बॅग भरली आणि हे लिहायला बसलो.

मी, लेनर्ड ग्रिमशॉ, वय ७४, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहितो की माझ्या पश्चात माझ्या मालमत्तेची व्यवस्था पुढीलप्रमाणे करावी. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करतो.

१. घर आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी जेनिस हिला. स्वयंपाकघराची खिडकी अडकते. ती खालून ढकलावी.

२. मोजणीची उपकरणे ज्याला वापरता येतील त्याला द्यावीत. शोभेसाठी कोणालाही देऊ नयेत.

३. गॉर्डन लम्बने सहा वर्षांपूर्वी नेलेली शिडी त्याच्याकडेच राहू द्यावी. माफ केली असे मात्र त्याला सांगू नये.

४. माझी दिवंगत पत्नी एव्हरिल हिची गडद निळी मोटार तिचा धाकटा भाऊ क्लाइव्ह याला. जेनिस हरकत घेईल, म्हणून कारण लिहितो.

एव्हरिल दर रविवारी गाडी स्वतः धुवायची. आधी नळीने भरपूर पाणी मारून सगळी माती-वाळू उतरवायची, तोवर गाडीला हात लावायचा नाही. मग दोन बादल्या, एक साबणाची आणि एक धुण्याचा हातमोजा खळबळून घ्यायला साध्या पाण्याची. लोकरी हातमोजा वरून खाली फिरवायचा. तो जमिनीवर पडला की त्या दिवसापुरता बाद. क्लाइव्ह हे तिच्याकडूनच शिकला.

तिच्या अंत्ययात्रेच्या सकाळी, १ फेब्रुवारीला, रस्त्यावर बर्फ वितळावा म्हणून टाकलेल्या खड्या मिठाचा थर गाडीवर होता. शवगाडीमागे तिची गाडी तशी न्यायची माझी तयारी नव्हती. अंगणातला नळ गोठलेला. मी घरातून एक बादली पाणी आणले आणि भांड्यांच्या स्पंजने पुसत सुटलो. करकर ऐकू येत होती. थांबलो नाही.

रविवारी क्लाइव्हने, मला न विचारता, गाडी नीट धुऊन दिली. मीठ गेले, ऊन पडले आणि बॉनेटभर ओरखडे दिसले.

जेनिस म्हणाली, "मामा, कशानं घासलीत? काथ्यानं?"

"अगं, मी लोकरीचाच मोजा घेतला होता. हा बघ, अजून ओला आहे."

"आईनं एवढी वर्षं जपली आणि तुम्ही दोन दिवसांत वाट लावलीत!"

क्लाइव्हला आधी थट्टा वाटली. "दाजी, सांगा की हिला. तुमच्या समोरच धुतली ना मी?"

मी म्हणालो, "मी आत होतो." ते खरे होते. तेवढेच बोललो.

त्याने मोजा पिळला, कुंपणावर ठेवला आणि गेला. नऊ महिने तो या घरी आलेला नाही. त्याला बहीण एकच होती. ते ओरखडे माझे आहेत. ते पॉलिश करून काढायचे की ठेवायचे हे त्याने ठरवावे. जेनिसने त्याची माफी मागावी असे मी सांगणार नाही. मागायची ती मीच.

ठिकाण व दिनांक वरीलप्रमाणे.
सही: लेनर्ड ग्रिमशॉ
आम्हा दोघांसमक्ष त्यांनी सही केली आणि त्यांच्यासमक्ष आम्ही: ऑड्री साइक्स, केनेथ साइक्स, शेजारी.

यापुढचा मजकूर मृत्युपत्राचा भाग नाही, फक्त माझ्या प्रतीवर आहे. साइक्स पतिपत्नी चहा पिऊन गेली. कलम ४ पुन्हा वाचले. हे वाचले जाईल तेव्हा मला कोणी काही विचारू शकणार नाही, आणि ते मला सोयीचे वाटले होते. म्हणून ते कलम वेगळ्या कागदावर उतरवले, वर क्लाइव्हचा पत्ता घातला, कोट चढवला आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकून आलो.