सासूबाईंना उचलण्याची पूर्वतयारी

३ मार्च
सासूबाईंचा पाय मोडला. बाथरूममध्ये घसरल्या. ऑपरेशन झालं. आता दीडेक महिना हॉस्पिटलच्याच रिकव्हरी वॉर्डात, मग घरी. कुणाच्या घरी, हा प्रश्न. मेहुण्याचं घर तळमजल्यावर. आमचं तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट कधीचीच बंद, तिच्यात आता सायकली ठेवतात. हिला आई इथेच हवी आहे. सासूबाईंनाही इथेच यायचंय. मेहुण्याकडे दिवसभर बोलायला कुणी नसतं. मेहुणा म्हणाला, तीन मजले चढवणार कोण? मी म्हणालो, मी. एकटा. उचलून. ही फक्त 'तुम्ही?' एवढंच म्हणाली. भारावून गेली असावी.

४ मार्च
आमच्या गोदामात सेफ्टी ऑफिसर मीच. वजन उचलताना इजा कशी टाळावी, यावर लेक्चर देतो. स्वतः कधी खोका उचललेला नाही, पण पोहायला शिकवणाऱ्याने काठावरच उभं राहायचं असतं. आज जिम लावली. सासूबाईंचं वजन किती, असं हिला विचारलं. तिने ज्या नजरेने पाहिलं त्यावरून सत्तर धरून चाललो आहे.

६ मार्च
ट्रेनरला मान नाही. डोकं थेट खांद्यांवर ठेवलंय. तो म्हणाला, रिकाम्या रॉडपासून सुरुवात करा. मी म्हणालो, आधी वॉर्म-अप. वॉर्म-अप केला. मग बसलो. मग घरी आलो. इजा: शून्य. पद्धत बरोबर आहे.

९ मार्च
वॉर्म-अपमध्ये मान लचकली. ही वेटलिफ्टिंगची इजा धरता येत नाही, कारण वेट कुठेच नव्हतं. रेकॉर्ड अजून स्वच्छ. सध्या फक्त डावीकडचं दिसतं.

१२ मार्च
कमरेचा पट्टा घेतला, जाड चामड्याचा. सवय व्हावी म्हणून शर्टाच्या आत घालून ऑफिसला गेलो. बसल्यावर श्वास आत जाईना. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, रविवारी स्टॉक मोजायला कोण येतंय? नाही म्हणायला तोंडातून आवाज फुटेना, म्हणून मान हलवली. साहेबांनी शाबासकी दिली. मान पुन्हा लचकली.

१७ मार्च, सकाळी
आज रॉड उचलला! गुडघे वाकवले, पाठ सरळ, सगळं लेक्चरप्रमाणे. ट्रेनरसुद्धा 'वा' म्हणाला. आणि शिंक आली.

१७ मार्च, दुपारी
आडवा. शिंकेबद्दल लेक्चरमध्ये एक अक्षर नाही. यात माझी काय चूक? पुढच्या वेळी मुद्दा घालणार.

१९ मार्च
डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आराम, मग हळूहळू चालायला लागा. डॉक्टरांना हातचं राखून सांगायची सवय असते. मी दोन आठवडे घेतो आहे. ट्रेनर म्हणतो बर्फ लावा, साहेब म्हणतात शेक घ्या. कुणाचं मन मोडायला नको म्हणून कमरेला डावीकडे फ्रीजरमधलं मटारचं पाकीट लावलं, उजवीकडे गरम पाण्याची पिशवी. डोळा लागला. झोपेत कूस बदलली असावी. मटार शिजले. हिने ते फेकून दिले आणि पिशवी लपवून ठेवली.

२८ मार्च
पडून पडून पाठीची फळी झाली. हिने हॉस्पिटलात फिजिओथेरपीच्या बाईंकडे नेलं. शेजारच्या कॉटवर सासूबाई. दोघांना एकच व्यायाम: पाय सरळ वर उचला. सासूबाईंचा मोडका पाय वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. माझा धडधाकट पाय जागचा हलला नाही. त्यांचा हुरूप वाढावा म्हणून मी मुद्दाम मागे राहिलो. बाई म्हणाल्या, आजींकडून शिका जरा. माझा हेतू त्यांच्या लक्षात आला नाही.

५ एप्रिल
मेहुणा आला. म्हणाला, खोली तयार आहे, आईला मी घेऊन जातो. तो गेल्यावर ही स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी आत गेलो तर म्हणाली, एकदा जमत नाही म्हणा ना, मी दोन माणसं बोलावते, पण आई इथे यायला हवी. मला फार वाईट वाटलं. खरंच. म्हणून ठामपणे सांगितलं, माणसं कशाला? मी आहे ना.

१६ एप्रिल, सकाळी
आज सासूबाई येणार. ही आणायला गेली आहे. तेवढ्यात रंगीत तालीम उरकतो. गादी गुंडाळून तळमजल्यापासून वर आणायची. गादी म्हणजे सासूबाईच, फक्त बोलत नाहीत.

१६ एप्रिल, संध्याकाळी
दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कमरेत कट्ट झालं. गादी घरंगळत खाली गेली. मी कठडा धरून काटकोनात. खाली टॅक्सी थांबली. ही ओरडली, अहो, ही गादी आपली का? मग जिन्यात काठीची टकटक सुरू झाली. फिजिओबाईंनी सासूबाईंना पायऱ्या चढायला शिकवलं होतं. हिला हे आठवडाभर ठाऊक होतं. मला का सांगितलं नाही, तर म्हणे तुमचा हुरूप मोडायला नको म्हणून.

सासूबाई माझ्यापाशी थांबल्या. मी म्हणालो, तुम्हालाच न्यायला येत होतो. त्या म्हणाल्या, हो, दिसतंय ना. मग म्हणाल्या, जावईबापू, माझ्या खांद्यावर हात ठेवा, घाई नको, चांगला पाय आधी. तसे आम्ही वर आलो. शेजारच्या काकूंनी दार उघडून विचारलं, पेशंटला कुठल्या खोलीत झोपवायचं? उत्तर द्यायच्या आधीच त्यांनी माझं बखोट धरलं.

असो. सासूबाई आमच्या घरी आल्या, ही हसतेय. दिलेला शब्द पाळला.

१७ एप्रिल
सकाळी उठता येईना. ही दूध आणायला गेली होती. सासूबाईंनी काठी भिंतीला टेकवली, माझ्या काखेत हात घातले आणि मला उठवून बसवलं. एकट्यांनी. ही परत आल्यावर तिला म्हणाल्या, दिसतात तेवढे जड नाहीत गं.