इंजिनातले उंडीचे तेल

पाली, पौष वद्य चतुर्थी, सन १९३४

तेलपंपाचा दट्ट्या मी कानशीने घासून बसवला. पितळी तोटी माझ्याच हातची, आणि खालचा जांभ्याचा चौथराही मीच ओळंबा लावून बांधला. तीन वर्षे या भातगिरणीचे इंजिन चाकाला दिलेल्या दुसऱ्या हिसक्याला उठत आले. आज अकरा हिसके मारले. इंजिनाची मुंडी फुंकदिव्याने तापवून लाल केली, तरी नुसता पांढरा धूर.

भात घेऊन आलेल्या माणसांसमोर गिरणीमालक अण्णा म्हणाले, "न शिकलेल्याच्या हातात यंत्र दिलं की असंच व्हायचं, मेस्त्री."

मी पाना घेतला. तोटी काढली तर भोकात चिकट राळ. बोट हुंगले. उंडीचे तेल. दिव्यात जाळायचे तेल इंजिनात?

त्यांना बाजूला घेऊन विचारले, "अण्णा, टाकीत काय ओतलंत?"

"थोडं घरच्या घाण्याचं. तेही तेलच ना?"

तेलच ना म्हणे. अकरा हिसके मारून माझा खांदा ठणकतोय.

टाकी उपसली, तोटी रॉकेलात धुतली, चांगले तेल भरले. दुसऱ्या हिसक्याला उठले. पण अण्णांनी लोकांपुढे त्याबद्दल अवाक्षर काढले नाही. मेस्त्रीचाच दोष असे समजून सगळे घरी गेले. मी तिथेच का बोललो नाही? अकरा हिसके लोकांनी मोजले असतील, पण खरे कारण कोणाला ठाऊक?

संध्याकाळी अण्णा स्वतः दारी आले. रत्नागिरीच्या भागीदाराला उंडीच्या तेलाचे कळता कामा नये. तोटी माझ्या चुकीने तुंबली असे मी लिहून द्यायचे, की गिरणीत कायमची नोकरी. मी नाही म्हणालो. महिना पस्तीस रुपये गेले.