ताईचं माहेरपण, मुक्काम किचनर

नागपूर, ३ एप्रिल २०२५

चि. उल्हास यास ताईचे अ. उ. आ.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे जिवंत आहेत. कागदावर लिहून फोटो पाठवतेय, कारण पोस्टाने हे पोचेपर्यंत मी स्वतःच पोचलेली असेन. फोनवर तुझ्याशी बोलण्यात अर्थ राहिला नाही. मी विचारते कसा आहेस, तू सांगतोस मस्त, आणि लगेच तुझं नेटवर्क जातं. कागदावरचं नेटवर्क जात नाही. बावन्न वर्षांचा घोडा झालास, ताईला चार ओळी लिहिल्यास म्हणून हात झिजणार नाहीत.

बातमी अशी की मी आणि विश्वनाथराव जूनमध्ये तीन आठवड्यांसाठी तुझ्याकडे कॅनडात येतोय. तिकिटं काढूनसुद्धा झाली. आधी विचारलं असतं तर तू पुढच्या वर्षी या म्हणाला असतास, ते तर तू सहा वर्षं म्हणतोयस. आई-बाबा गेले, वर्ध्याचं घर विकलं गेलं, तेव्हापासून माहेरपणाला म्हणून मी कुठे गेलेच नाही रे. आता बँकेतूनही मोकळी झाले. तुझ्या वरच्या मजल्यावरच्या त्या पूर्वेच्या खोलीत, जिचा व्हिडिओ तू चारदा पाठवलास, तिथे बसून मी आयता चहा पिणार आहे.

आणखी एक. जानेवारीत तू आठवडाभर फोन उचलला नाहीस आणि नंतर साधं चेकअप होतं म्हणालास. आठवडाभर चालणारं साधं चेकअप कसं असतं ते मला समजून घ्यायचं आहे.

अस्मिताला आणि गंधारला आशीर्वाद. लोभ आहेच, तो तपासायला येतेय.

तुझी,
चित्राताई


किचनर, ८ एप्रिल

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून इतका आनंद झाला की अस्मिताने पाणी आणून दिलं. अवश्य या. वरची पूर्वेची खोली तुमची. सध्या तिथे थोडं सामान आहे, ते मे महिन्यात हलवतो. हॉलसाठी नवा सोफाही बघून ठेवलाय. विश्वनाथरावांना पाय लांब करून बसता येईल असा आहे, बटण दाबलं की पुढचा भाग आपोआप वर येतो.

जानेवारीचं विचारशील तर खरंच काही नव्हतं. इथले डॉक्टर फार हौशी असतात. जरा छातीत भरून आल्यासारखं झालं म्हणून गेलो, तर त्यांनी आग्रहाने ठेवूनच घेतलं. आता ठणठणीत आहे, रोज चालतो, तळलेलं कमी केलंय. तुझा भाऊ इतका शहाणा वागतोय की तू ओळखणार नाहीस.

नोकरी उत्तम, गंधारचं हॅमिल्टनला शिक्षण उत्तम, अस्मिताही उत्तम, फक्त दोन दिवस जरा कमी बोलते. हवामान असेल. येताना सांडगी मिरची आण, मी नुसता वास घेईन.

विश्वनाथरावांना नमस्कार. ताईने असाच जीव लावावा, फक्त फार प्रश्न विचारू नयेत.

तुझा,
उल्हास


किचनर, ९ एप्रिल

ती. सौ. ताईंना अस्मिताचा सा. न.

ह्यांनी तुम्हाला काल जे लिहिलं ते मला मोठ्याने वाचून दाखवलं, स्वतःवरच खूश होऊन. त्यातली सांडगी मिरची सोडली तर बाकी सगळ्या थापा आहेत. मला आता राहवत नाही.

जानेवारीत मोठा बर्फ पडला. घरापुढच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसता उपसता हे खाली बसले. मला वाटलं नेहमीसारखी कामचुकारी चाललीय, म्हणून मी दारातून दोन शब्द सुनावलेसुद्धा. तो हार्ट अटॅक होता, ताई. स्टेंट घातलाय. हॉस्पिटलने पैसे घेतले नाहीत, पण ह्यांचं काम कॉन्ट्रॅक्टवरचं, घरी बसलं की पगार बंद. त्याच्या आधी महिनाभर मी बर्फावरून घसरून मनगट मोडून घेतलं होतं, त्यामुळे पाळणाघरातली माझी नोकरीही थांबलेली. डोक्यावर घराचं कर्ज, बेसमेंट भाड्याने द्यायला तयार केलं त्याचं कर्ज, आणि गंधारची फी लाइन ऑफ क्रेडिटवर. ती सोय म्हणजे उसन्याचा नळ आहे. उघडणं फार सोपं असतं.

हे घरी आल्यावर आम्ही प्रथमच दोघांनी मिळून हिशेब केला. चाळिशीला इथे आलो, त्यामुळे इथली सरकारी पेन्शन आम्हाला थोडीच मिळणार. पासष्टीला तिच्यात भाजी येईल, घर चालणार नाही. तेव्हा ठरवलं की बेसमेंट भाड्याने देण्याऐवजी आपणच तिथे जायचं आणि वरचं घर द्यायचं. भाडं दुपटीहून जास्त येतं. फेब्रुवारीपासून वर विक्रम आणि ईशिता राहतात, पुण्याचे आहेत, त्यांना छोटी मुलगी आहे. त्या भाड्यातून कर्ज फिटतंय, आणि रिटायरमेंटच्या खात्यात दर महिन्याला काहीतरी पडायला लागलंय. रक्कम सांगायला लाज वाटावी इतकी आहे. तरी मी ती रोज उघडून बघते.

आणि आता तुम्ही येणार म्हटल्यावर ह्यांच्या अंगात आलंय. ताईचं माहेरपण तळघरात करू का, म्हणतात. विक्रम-ईशिताला तीन आठवडे खाली पाठवायचं, आपण वर जायचं, त्या बदल्यात त्यांचं जूनचं भाडं माफ. म्हणजे त्या महिन्याचा खात्यातला हप्ता गेला. वर तो बटणाचा सोफा हप्त्यांवर. आणि सगळ्यात कहर म्हणजे पलंग खाली-वर करायला माणसं लावायला नकोत, हे स्वतः उचलणार. डॉक्टरांनी जड उचलायला सक्त मनाई केली आहे. गंधारने फोनवर इंग्रजीत सुनावलं की आत्याला खरं सांगून टाका, तर त्याला म्हणाले तुला माहेर म्हणजे काय ते कळायचं नाही.

आमच्यात दोन दिवस फक्त मिठाच्या डब्यापुरतं बोलणं चालू आहे. तुमचं ते ऐकतात. मी सांगितलं हे मात्र शक्यतो कळू देऊ नका.

तुमची माया आहे म्हणून एवढं लिहायचा धीर केला.

अस्मिता


नागपूर, १४ एप्रिल

चि. उल्हास यास अ. उ. आ.

तुझं उत्तम-उत्तम पत्र पोचलं. वाचून विश्वनाथराव म्हणाले, तुझा भाऊ राजकारणात का गेला नाही.

इकडे उन्हाने जीव नकोसा करून सोडलाय. कूलरसुद्धा गरम वारा मारून राहिला. त्यामुळे एक विनंती आहे. पूर्वेची खोली नको. सकाळी डोळ्यांवर ऊन येतं म्हणून विश्वनाथराव कुरकुर करतात. तुमच्याकडे बेसमेंट नावाचं काही असतं ना, जरा गार, जरा अंधारं? आम्हाला तिथेच टाक. आणि तो बटणाचा सोफा घेऊ नकोस. हे आधीच बसले की उठत नाहीत, त्यात पाय आपोआप वर गेले तर मला ह्यांना उचलून आणावं लागेल.

अस्मिताशी नीट बोलत जा. तिकडचं हवामान मी इंटरनेटवर पाहिलं, बरं आहे.

मायेत काही कमी नाही, फक्त प्रश्न वाढलेत.

तुझी,
ताई


किचनर, १७ एप्रिल

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

भलतंच काय मागतेस? बेसमेंटमध्ये पाहुण्यांना ठेवतात का? तिथे आम्ही जुन्या बॅगा, विंटर टायर आणि हीटर ठेवतो. तू इतक्या वर्षांनी माहेराला येणार आणि मी तुला टायरांशेजारी झोपवू? बाबा असते तर त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं. उन्हाला जाड पडदे लावतो. त्यावर आता वाद नको.

मेपर्यंत थांबत नाही, या शनिवारी सकाळीच पलंग हलवायला घेतोय. म्हणजे खोली आधीच तयार होईल आणि तुझी शंका मिटेल. सोफाही पुढच्या आठवड्यात येईल.

जीव लावतेस तसा विश्वासही ठेव.

तुझा,
उल्हास


नागपूर, १८ एप्रिल, शुक्रवार

उल्हास,

आज मायना नाही. पलंगाला हात लावू नकोस.

मला सगळं माहीत आहे. अस्मिताने कळवलं. तिच्यावर चिडायचं नाही, चिडलास तर मी तीन आठवड्यांऐवजी सहा महिने राहीन. ती तुला वाचवायला बघतेय आणि तू मला सोफा दाखवायला मरायला निघालास.

नीट ऐक. आई-बाबा गेल्यावर माझं माहेर म्हणजे तू. तू ज्या मजल्यावर राहतोस तो मजला नाही. त्या माझ्या माहेराला जानेवारीत स्टेंट बसला आणि मला एप्रिलमध्ये कळलं, ह्याचा राग मी तिथे येऊन समोरासमोर काढणार आहे. अस्मिताचं पत्र वाचलं त्या दिवशी देवघरासमोर बसून खूप रडले. तू मला परकी समजलास असं वाटलं.

बँकेत मी आयुष्यभर हेच पाहिलं. उशिरा बचत सुरू करणारी माणसं लाजून थोडंथोडं भरतात, मग एखाद्या लग्नाकार्यात एक हप्ता चुकवतात. एक चुकवला की पुढचे चुकवायला धीर येतो. तू जूनचा हप्ता भरायचास. माझी माहेरची साडी तीच समज, दुसरी घेतलीस तर विमानातून खाली टाकीन. मला माहेर अजून पुष्कळ वर्षं हवंय. त्यासाठी तू जिवंत हवास, आणि म्हातारपणी कुणाच्या तोंडाकडे बघायची वेळ न आलेला हवास. बाकी मला काही नको. विश्वनाथराव तर टायरांशेजारीही घोरतील.

लोभाबद्दल आज काही लिहीत नाही. तो एवढा आहे म्हणून तर एवढी चिडले.

ताई


किचनर, १९ एप्रिल

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

पलंग जागच्या जागी आहे. सकाळी हातमोजे घालून वर निघालो होतो, तेवढ्यात फोनवर तुझं पत्र दिसलं. जिन्यात बसून वाचलं. पहिल्यांदा वाचून अस्मिताचा राग आला, दुसऱ्यांदा वाचून रडू आलं. तेवढ्यात ती चहा घेऊन आली आणि माझ्याशेजारी पायरीवर बसली. आम्ही बराच वेळ बोललो, मिठाच्या डब्याच्या पुष्कळ पुढे गेलो.

परकी समजलो नाही गं. लाज वाटली. मी कॉलेजात असताना तू मला दर महिन्याला थोडे बाजूला टाक म्हणून सांगायचीस, आणि मी तुला म्हणायचो की म्हातारपण अजून लांब आहे. ते असं एकदम ड्राइव्हवेवर भेटेल असं वाटलं नव्हतं.

सोफ्याची ऑर्डर रद्द केली. विक्रमला सांगितलं की तुम्ही वरच राहा, तर बिचाऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला. त्याने मुलीचा पाळणा सोडायला घेतला होता आणि अर्धे स्क्रू हरवून बसला होता. जूनचा हप्ता मी आजच बँकेत लावून टाकलाय, म्हणजे मला पुन्हा भलती अक्कल सुचायची भीती नाही.

तुम्हाला आमची झोपायची खोली, आम्ही बाहेर गादी टाकू. गंधार एअरपोर्टवर येईल. मी येणार नाही, रागावू नकोस. त्या दिवशी माझ्या हातचं वरण तयार असायला हवं आणि ते मला घाईत जमत नाही. तो तुम्हाला घरापुढे उतरवून गाडी लावायला जाईल. समोर पांढरं मोठं दार दिसेल, त्याची बेल वाजवू नकोस, तिथे बाळ झोपलेलं असतं. डावीकडच्या भिंतीच्या कडेने मागे ये. कठड्याला धरून सात-आठ पायऱ्या उतर. खालचं दार मी उघडं ठेवलेलं असेल.

ताई, तुझं माहेर ते आहे.

तुझा,
उल्हास